देबोदच्या देवळाचा कारभार बघणाऱ्यांना, भीमाकाठच्या एका लेकीचं खुलं पत्र

माद्रिदकर मंडळी, आणि त्यातही तुमच्यापैकी जे कुणी इजिप्तहून माद्रिदला आणलेल्या देबोदच्या देवळाची देखभाल बघता, पाट्या लिहिता, दगड तपासता, सकाळी दार उघडता ते सगळे,

नमस्कार. मी सहा वर्षं झाली तुमच्याच शहरात राहते, देवळापासून चालत वीस एक मिनिटांवर. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो आणि राहिलो. माझं स्पॅनिश भाजीवाल्याशी आणि शाळेतल्या बाईंशी बोलण्यापुरतं आहे, त्यामुळे पत्र आधी मराठीत लिहितेय, लेक त्याचं स्पॅनिश करून देणार आहे, तिची अट एवढीच की आजीचं, म्हणजे माझ्या आईचं, बोलणं गाळायचं नाही. नाहीच गाळणार, कारण पत्राचं कारणच आजी आहे.

खरं सांगायचं तर पहिली चार-पाच वर्षं देबोदचं देऊळ म्हणजे आमच्यासाठी संध्याकाळी जायची जागा एवढंच होतं. पाहुणे आले की न्यायचं, तळ्याच्या कडेला उभं करायचं, सूर्य कासा दे काम्पोच्या झाडीमागे गेला की फोटो, मग खाली प्लाझा दे एस्पान्याला उतरून चुरोस. आत जायला तिकीट नाही, तरी एकदाही आत गेले नव्हते, कारण आत सोडतात मोजक्याच माणसांना आणि बाहेर रांग. रांग बघितली की आम्ही म्हणायचो पुढच्या वेळी जाऊ. आपल्या गल्लीतल्या देवळाचं असंच होतं, लांबचे लोक नवस बोलायला येतात आणि आपण पायरीवर बसून शेंगा खातो.

मागच्या, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरात आई आली. पहिल्यांदाच विमानात बसली. आई इंदापूर तालुक्यातली, वय सदुसष्ट, गुडघे कुरकुरतात पण तोंड चालू. तिला चढ चढवत वर नेलं तर तिथं नेहमीची गर्दी, कुणी गिटार वाजवतंय, कुणी गवतावर लोळतंय, नवरी-नवरदेवाचं फोटोशूट चाललेलं. आई म्हणाली, "काय गं, कशाची जत्रा हाय ही?" मी म्हटलं जत्रा नाही, सूर्य मावळायची वाट बघतायत. तर म्हणे, "आपल्याकडं रोज मावळतो, कुणी बघंना."

मग तिनं देवळाकडं नीट बघितलं. दगडाची दोन मोकळी दारं एकामागे एक, त्यांच्या मागं चार खांबांचं देऊळ, भोवती उथळ पाणी. मी सांगितलं की हे इजिप्तचं आहे, दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीचं, तिकडून उचलून इथं आणलंय. "का आणलं?" मी म्हटलं, "तिकडं धरण झालं."

यानंतर आई जी गप्प झाली ती पाच मिनिटं बोललीच नाही, आणि आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे. तुम्हाला हे कळावं म्हणून थोडं आमच्याकडचं सांगते. आमची भीमा नदी, तिच्यावर उजनीचं धरण, १९८० च्या सुमाराला पुरं झालं. त्याच्या पाण्यात नदीकाठची कितीतरी गावं गेली, त्यात आईचं माहेर. शेजारच्या पळसदेवचं पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ होतं, खाली दगडी बांधणी, वर शिखर. ते उचलायला कुणी आलं नाही. गाव वर सरकलं, देऊळ तिथंच राहिलं, पाण्यात. दुष्काळी वर्षी उजनी आटली की ते वर येतं, आधी शिखर, मग खांब, आणि मग पुण्या-सोलापूरचे लोक गाड्या काढून बघायला येतात, ड्रोन उडवतात. २०२४ च्या मे महिन्यात असंच वर आलं होतं. मामा आईला घेऊन गेला होता. म्हणजे मे महिन्यात आईनं पाण्यातून वर आलेलं देऊळ बघितलं आणि ऑक्टोबरात पाण्यातून काढून परदेशी नेलेलं.

तर पाच मिनिटांनी तिनं मला विचारलं, "देऊळ हितं आणलं, मग माणसं कुठं न्हेली?"

मला उत्तर देता आलं नाही. सहा वर्षं इथं राहून मला माहीतच नव्हतं. शंभर फोटो असतील माझ्याकडं त्या देवळाचे. हे पत्र मी लिहितेय ते त्या प्रश्नासाठी, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे, पण तेही ऐकून घ्या.

दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहून आत गेलो. (आईला रांगेची सवय आहे, पंढरपूरला बारा-बारा तास उभी राहते ती, अर्ध्या तासाचं तिला काही वाटलं नाही.) दारातून आत शिरताना तिनं सवयीनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, तिथल्या पोरानं बघितलं पण काही बोलला नाही, त्याचे आभार. आत अरुंद, अंधारी खोली, भिंतींवर कोरलेली माणसं एका बाजूला तोंड करून उभी, हातात काही ना काही धरलेलं. ही सगळ्यात जुनी खोली, मेरोएच्या अदिखलमनी राजानं बांधलेली, आमोन देवासाठी. म्हणजे हे नुसतं 'इजिप्तचं' देऊळ म्हणणंही अर्धवटच, बांधायला सुरुवात करणारा राजा दक्षिणेकडचा, आजच्या सुदानातल्या राज्याचा. मग टॉलेमी, म्हणजे इजिप्तवर राज्य करणारे ग्रीक वंशाचे राजे, आले, त्यांनी भोवती खोल्या वाढवल्या, आयसिस देवीचं माहात्म्य वाढलं कारण तिचं मोठं ठाणं, फिले, तिथून जवळच. पुढं रोमनांच्या काळात ऑगस्टस आणि टायबेरियसच्या नावानं भिंती कोरल्या. आईला मी एवढंच सांगितलं की एका राजानं गाभारा बांधला, दुसऱ्यांनी सभामंडप वाढवला, तिसऱ्यांनी रंगरंगोटी केली. ती म्हणाली आपल्याकडं पण असंच असतं, फक्त शेवटी कुणीतरी टाइल्स बसवतो.

भिंतींवरची चित्रं फिकी आहेत, बोटानं चाचपल्यासारखी नजर फिरवावी लागते तेव्हा कुठं हात, मुकुट, पंख दिसायला लागतात. आई जवळ जाऊन बघत होती आणि म्हणाली, "ही भिंत पाण्यात राह्यल्याली हाय." मला वाटलं अंदाज मारतेय. पण मे महिन्यात तिनं पळसनाथाच्या भिंतीला हात लावलेला होता, तिला पाण्यात राहिलेला दगड कसा दिसतो हे ठाऊक होतं, कोरीव कामाच्या कडा साबणाच्या वडीसारख्या झालेल्या असतात.

आणि बरोबर होती ती. घरी येऊन वाचायला बसले तर कळलं की इजिप्तमधल्या आस्वानला १९६० साली सुरू झालेल्या मोठ्या धरणाच्या कितीतरी आधी, १९०२ मध्ये, तिथंच पहिलं धरण झालं होतं, इंग्रजांच्या काळात, ते पुढं दोनदा उंच केलं, एकदा १९१२ पर्यंत आणि पुन्हा १९३३ पर्यंत. तेव्हापासून देबोदचं देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असायचं. पूर यायच्या दिवसांत धरणाची दारं उघडायचे तेव्हा पाणी उतरायचं आणि देऊळ तेवढे चार महिने वर यायचं. भिंतींवरचा रंग त्या पाण्यानंच खाल्ला. हे वाचलं आणि मला खरंच काटा आला, कारण हे तर आमचं पळसदेव आहे, शब्द न शब्द. फरक एवढाच की १९६० च्या मार्च महिन्यात मोठ्या धरणात बुडणारी देवळं वाचवा म्हणून युनेस्कोनं जगाला हाक दिली, पोलंडच्या पुरातत्त्ववाल्यांनी आणि इजिप्तच्या खात्याच्या माणसांनी जाऊन देऊळ दगड दगड करून सुटं केलं, ते दगड आस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावर ठेवले आणि १९६८ मध्ये इजिप्तनं ते स्पेनला भेट दिलं, तुम्ही न्यूबियातली, म्हणजे आस्वानच्या दक्षिणेकडच्या नाईलकाठची, देवळं वाचवायला मदत केलीत म्हणून. १९७० मध्ये अलेक्झांड्रियाहून जहाजानं वॅलेन्सिया, तिथून ट्रकनं माद्रिद. १९७२ च्या १८ जुलैला दार उघडलं. (फ्रँकोच्या राजवटीत १८ जुलै म्हणजे १९३६ च्या त्यांच्या बंडाचा सण, ही तारीख का निवडली असेल ते तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना बरोबर कळेल. आणि जागा तरी कुठली, जिथं १८०८ मध्ये लोकांना गोळ्या घातल्या आणि १९३६ मध्ये बराकीला वेढा पडला ती टेकडी. तुमच्याकडं पण देऊळ ठेवायला बिनइतिहासाची जागा मिळणं अवघडच म्हणा.)

आत शेवटी गाभारा. गुलाबी ग्रॅनाइटचा एकसंध देव्हारा, बाराव्या टॉलेमीच्या काळचा, आत मोकळी पोकळी. आईनं वाकून बघितलं. "मूर्ती?" नाही म्हटलं. "पुजारी?" नाही. "म्हंजी नुसता देव्हारा आणला." मग स्वतःच म्हणाली, जाऊ दे, देव असला तर येईल पायी पायी.

बाहेर आल्यावर तिनं अजून एक गोष्ट बघितली जी मी कधी बघितली नव्हती. दगड दोन प्रकारचे आहेत. जुने, काळपट-तांबूस, खड्डे पडलेले, आणि नवे, एकसारखे, पिवळसर. हे नवे सालामांका भागातल्या वियामायोरच्या खाणीतले, जिथं जुने दगड नव्हते तिथं भरलेले. आई म्हणाली ठिगळ लावलंय, पण ठिगळ दिसू दिलंय ते बरं केलं. हे मला तुमचं खरंच आवडलं, खोटं जुनं करून बसवलं नाहीत. आमच्याकडं जीर्णोद्धार म्हणजे आधी ऑइलपेंट.

आता दारांबद्दल. जाणकार म्हणतात की ती दोन दारं तुमच्याकडं मूळच्या क्रमानं लागलेली नाहीत, एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत क्रम वेगळा दिसतो. दगड आले तेव्हा बऱ्याच दगडांवरचे नंबर पुसले गेले होते म्हणे आणि हाताशी नकाशेही अपुरे. यावर हसणारे हसोत, मी हसणार नाही, कारण हे आमच्या घरात घडलेलं आहे. आईचं माहेरचं घर माळवदाचं होतं, खांब-तुळयांचं. गाव उठायची नोटीस आली तेव्हा आजोबांनी लाकूड पाण्यात जाऊ द्यायचं नाही म्हणून सगळं सोडवलं आणि प्रत्येक तुकड्यावर गेरूनं नंबर घातले, दाराला एक, ओसरीच्या खांबांना दोन ते सात, असं. बैलगाड्यांतून वर माळावर नेलं. आणि नेमका त्याच रात्री पाऊस. सकाळी उठून बघतात तर सगळ्या लाकडांना लाल ओघळ आणि नंबर एकाचाही नाही. मग आठवेल तसं बसवलं. घराच्या पुढच्या दाराची कोरीव चौकट, गणपती असलेली, ती मापात बसेना म्हणून गोठ्याला लावली. अजून तिथंच आहे. मामाची म्हैस रोज गणपतीखालून आत जाते. तेव्हा तुमच्या दारांचा क्रम चुकला असेल तर चुकू द्या, पाटीवर तेवढं लिहून टाका म्हणजे झालं, लोकांना ती गोष्ट आवडेल.

पण छपराचं मात्र मला भांडून सांगायचंय.

आस्वानला पाऊस म्हणजे जवळजवळ नाहीच, वर्षं जातात आणि थेंब पडत नाही. हा वालुकाश्म त्या हवेतला. माद्रिदला वर्षाला चारशेच्या वर मिलिमीटर पाऊस, हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली, खाली रस्त्यावर गाड्यांचा धूर. या दगडाला बारीक छिद्रं असतात, त्यात पाणी मुरतं, रात्री गोठतं, गोठलं की फुगतं, आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. मग पुढच्या थंडीत पुढचा. आमच्याकडं माठ फ्रीजरमध्ये ठेवून बघा, तीच गत. जानेवारी २०२१ मध्ये फिलोमेना वादळ आलं तेव्हा आम्ही नुकतेच घर बदलून या भागात आलो होतो, सगळं शहर पांढरं, आणि देवळाच्या माथ्यावर, दारांवर गुडघाभर बर्फ. मी पण फोटो काढला, खोटं कशाला बोलू, आणि स्टेटसला टाकला, इजिप्तच्या देवळावर बर्फ, हाहा. आज तो फोटो बघवत नाही. आजीच्या अंगावर भर थंडीत ओला कपडा टाकून आपण फोटो काढावा तसं वाटतं.

तुमच्यासारखीच भेट आणखी काही देशांना मिळाली. न्यूयॉर्कला देंदूरचं देऊळ, ते म्युझियमच्या काचेच्या दालनात आहे. नेदरलँड्समधल्या लायडनला ताफेहचं, तेही छपराखाली. इटलीतल्या तुरीनला एलेसियाचं, तेही आत. देंदूरचं देऊळ वॉशिंग्टनला नदीकाठी उघड्यावर ठेवायची कल्पना पुढं आली होती, ती ज्या कारणांनी मागं पडली त्यातलं मुख्य हेच की उघड्यावर हा दगड टिकणार नाही. हे त्यांना साठच्या दशकात कळत होतं. म्हणजे देणगीत मिळालेल्या या देवळांपैकी ऊन-पाऊस-बर्फ खात उभं आहे ते तुमचंच.

मला माहितीये यावर तुमच्याकडं वाद होतात. आत हवा नियंत्रित केलीय, डागडुजी चालते, २००८ पासून वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण आहे, हेही वाचलंय. काचेची पेटी केली तर संध्याकाळचं ते दृश्य जाईल असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं दुःख मला कळतं, मीही त्यातलीच, त्या तळ्यात पडलेलं केशरी प्रतिबिंब मलाही हवंय. पण दृश्य जाईल म्हणून देऊळ जाऊ द्यायचं हा कुठला हिशोब? आणि पेटीच पाहिजे असंही नाही, हलकं छप्पर असेल, हिवाळ्यापुरतं आच्छादन असेल, काय ते तुमचे इंजिनिअर ठरवतील, त्याच धरणापायी इजिप्तमधलं अबू सिंबेलचं अख्खं देऊळ कापून पासष्ट मीटर वर उचलणारे लोक या जगात होऊन गेलेत, त्यामानानं एक छप्पर म्हणजे काय. आईचं म्हणणं याहून सरळ होतं. ती म्हणाली पाव्हण्याला अंगणात झोपवत नाहीत.

आणि ते तळं. नाईलची आठवण म्हणून केलंय, सुंदर आहे, माझी काही तक्रार नाही. पण ज्या पाण्यापासून पळवून आणलं त्याच्यासारख्याच पाण्यात पुन्हा उभं केलं, आणि आम्ही सगळे त्या पाण्याकडं बघून वा वा म्हणतोय, हे आईच्या शेजारी उभं राहून बघताना जरा विचित्र वाटलं एवढंच.

आता माणसांचं.

त्या रात्री आई झोपल्यावर मी शोधत बसले. देबोद हे देवळाचं नाव नंतर, आधी गावाचं. आस्वानच्या दक्षिणेला पंधरा एक किलोमीटरवर, नाईलच्या पश्चिम काठी. तिथं न्यूबियन लोक राहायचे, त्यांची स्वतःची भाषा, खजुराची झाडं, मोठ्या अंगणांची मातीची घरं, दर्शनी भिंतींवर चित्रं आणि चित्रांत मध्येच बसवलेल्या चिनी मातीच्या बश्या. १९०२ चं धरण झालं तेव्हा काठचे लोक वर सरकले. धरण उंच केलं, पुन्हा वर सरकले. पुन्हा उंच केलं, पुन्हा वर. शेवटी मोठं धरण आलं, सरोवर पाचशे किलोमीटर लांब पसरणार म्हटल्यावर वर सरकायला जागाच नाही. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार न्यूबियनांना बोटींत आणि गाड्यांत घालून आस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बोकडं नेलं, एकसारख्या घरांच्या रांगांत, नदीपासून लांब. सुदानच्या बाजूचे हजारो आणखी वेगळे. निघताना लोक कबरींवर पाणी शिंपडून, घराच्या भिंतींना ओठ लावून निघाले असं त्या वेळचे लोक सांगतात. नव्या वसाहतीतल्या गावांना त्यांनी जुन्याच गावांची नावं ठेवली. देबोद नावाचं गाव आजही आहे तिकडं, फक्त जिथं होतं तिथं नाही.

आमचं पळसदेवही तसंच. पाटीवर पळसदेव, पण ते नवं. आईच्या माहेरचंही तसंच. पोस्टमनला फरक पडत नाही, आईला पडतो.

सकाळी चहा पिताना तिला हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं जमीन मिळाली का त्यांना, मी म्हटलं मिळाली पण उशिरा, सगळ्यांना चांगली नाही. ती हसली. तिच्या वडलांनी पुनर्वसनाच्या कागदासाठी एका ऑफिसात किती हेलपाटे घातले हे ती मला लहानपणापासून सांगत आलीय, प्रत्येक वेळी साहेब जेवायला गेलेले असायचे. एकदा आजोबा घरूनच भाकरी बांधून गेले आणि साहेबांच्या दाराबाहेर बसून जेवले, आता तुम्ही आणि मी एकाच टायमाला जेवू म्हणाले. काम त्या दिवशीही झालं नाही.

गैरसमज नको, धरण व्हायलाच नको होतं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. उजनीच्या पाण्यावर माझ्या मामांचा ऊस उभा आहे, सोलापूरच्या नळाला ते पाणी येतं, भिगवणला रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांवर दहा घरं चालतात. इजिप्तलाही वीज मिळाली, पुराची आणि दुष्काळाची धास्ती गेली. पाणी पाहिजेच असतं. देवळं हलवणाऱ्यांनाही मी नावं ठेवत नाही, उलट हेवा वाटतो, आमच्या पळसनाथाला नाही कुणी हात लावला. आपल्याकडं कृष्णेवर श्रीशैलमच्या धरणात बुडणारं संगमेश्वराचं देऊळ उचलून आलमपूरला नेलं, नागार्जुनकोंड्याचे अवशेष टेकडीवर नेले, म्हणजे जमत नाही असं नाही, कुणाच्या वाट्याला आलं आणि कुणाच्या नाही.

पण मला सलतं ते असं. देवळाचा प्रत्येक दगड मोजला, नंबर घातला, जहाजात चढवला, पन्नास वर्षं त्याच्यावर तज्ज्ञ लिहितायत. आणि त्या दगडांच्या सावलीत जी माणसं शतकानुशतकं राहिली त्यांच्याबद्दल त्या तळ्याकाठी उभ्या असलेल्या शंभरातल्या नव्याण्णव लोकांना काही ठाऊक नाही. मलाही नव्हतं, म्हणून तुम्हाला दोष देत नाही, मी स्वतःला मोजून बोलतेय. देऊळ कुठल्या राजाचं, कुठल्या देवाचं, कुठल्या वर्षी आलं, हे कुणीही पटकन सांगतं. गाव कुणाचं होतं हे विचारायला धरणातली बाईच यावी लागली.

तर मागणी साधी आहे. आत कुठंतरी कोपऱ्यात नको, बाहेर, तळ्याकाठी, जिथं सगळे सूर्य बुडायची वाट बघत उभे असतात आणि वीस मिनिटं त्यांच्याकडं करायला काहीच नसतं, तिथं एक पाटी लावा. देबोद हे गाव होतं, इथली माणसं न्यूबियन, पाणी वाढलं तशी ती तीनदा वर सरकली आणि १९६३-६४ मध्ये त्यांना गाव सोडावं लागलं, आज ती अमुक ठिकाणी राहतात. स्पॅनिश, इंग्रजी, अरबी आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेतही. जमलं तर त्या नव्या देबोदमधल्या दोन-चार जुन्या माणसांना एकदा बोलावून घ्या, विमानाचं तिकीट काढून, मानानं, त्यांच्या गावचं देऊळ त्यांना दाखवायला. रांगेत उभं करू नका त्यांना. आणि गाभाऱ्यात थोडा वेळ एकटं सोडा.

मे महिन्यात आई पळसनाथाच्या देवळात गेली होती तेव्हाचं एक सांगून थांबते. चिखल वाळून भेगाळलेला, शिंपले पसरलेले, पोरं खांबांवर चढून सेल्फी काढत होती. आई देवळात गेलीच नाही आधी. मामाला म्हणाली आपलं घर दाखव. पुढं चालत जाऊन दोघांनी शोधलं, पाया दिसत होता, चुलीच्या जागी काळा दगड आणि परसात जात्याची खालची तळी, फुटलेली. तिनं ती तळी घरी आणायचा हट्ट धरला पण उचलेना. मग पदरानं पुसली, तिच्यावर पाच मिनिटं बसली आणि मग देवळात गेली.

माद्रिदहून परत जाताना विमानतळावर तिनं मला दोनदा बजावलं होतं, त्या लोकांना चिठ्ठी लिही. मी हो हो म्हणून वर्ष घालवलं. परवा फोनवर विचारत होती, लावली का गं त्यांनी पाटी? मी म्हटलं आई, मी अजून पत्रच टाकलं नाही. तर म्हणे, तू पण त्या साहेबासारखी जेवायला गेली हुतीस का?

आज टाकतेय. उत्तर आलं तर तिला वाचून दाखवीन.

तुमच्याच गावची एक रहिवासी,
मूळची भीमाकाठची